काढून टाकलेलं स्टेशन परत परत येतंय? ते येतंय कुठून ते आधी शोधा

रविवारी संध्याकाळी मी माझ्या म्युझिक ॲपमधली नको असलेली अकरा स्टेशनं काढून टाकली. मंगळवारी सकाळी ॲप उघडलं, तर त्यातली चार पुन्हा जागच्या जागी. सगळ्यात पुढे पावसाच्या आवाजाचं, काचेवरून थेंब ओघळतानाचं चित्र असलेलं. त्याला लागून बाळगाण्यांचं. मग व्यायामाचं ढणढण. आणि चौथं एका गायकाच्या नावाचं, ज्याचं एकच गाणं मी आजवर ऐकलंय, तेही कुणीतरी लिंक पाठवली म्हणून.

परत काढली. दोन दिवसांनी परत हजर. ॲपच फोनमधून उडवून नव्याने टाकलं, तरी जैसे थे. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी वही घेऊन बसले आणि चौघांचा एकेक करून माग काढला. चार स्टेशनं, चार वेगळी कारणं निघाली! मी मात्र आठवडाभर चौघांना एकच औषध पाजत होते.

"तीन ठिपके दाबा आणि डिलीट करा" हे उत्तर तुम्हालाही एव्हाना मिळालं असेल. ते चूक नाही, पण ते पहिल्यांदा काढण्यापुरतं. परत येणाऱ्या स्टेशनचं दुखणं वेगळं असतं. कुणीतरी किंवा काहीतरी ते पुन्हा लावत असतं, नाहीतर तुम्ही काढलंय ते भलत्याच जागेवरून.

स्टेशन राहतं कुठे

प्लेलिस्टमध्ये गाणी असतात. स्टेशनमध्ये गाणी नसतात, फक्त एक सूचना असते: या गाण्यासारखं, या गायकासारखं, या मूडचं काहीतरी वाजवत राहा. ज्या गाण्यावरून किंवा गायकावरून ते सुरू होतं ते त्याचं बीज. पँडोरा ही अमेरिकेतली सेवा २००५पासून याच तत्त्वावर चालते. त्यामागच्या म्युझिक जीनोम प्रोजेक्टमध्ये जाणकार माणसं बसून एकेका गाण्याचे शेकडो गुणधर्म नोंदवत आली आहेत. बाकीच्या बहुतेक सेवांचा भर लोकांच्या ऐकण्याच्या सवयींवर असतो: हे ऐकणारे आणखी काय ऐकतात, मधेच काय सोडतात, कशाला बदाम देतात.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. स्टेशन पुसलं तरी ते ज्यावरून तयार झालं ते शिल्लक असेल, तर सेवा दहा सेकंदांत तसंच दुसरं बनवू शकते. चित्र तेच, नाव तेच. आपल्याला वाटतं जुनंच परत आलं.

नको असलेलं स्टेशन चार जागांपैकी कुठेतरी असतं. एक, तुमच्या जतन केलेल्या संग्रहात, म्हणजे लायब्ररीत. दोन, 'नुकतंच ऐकलेलं' या ओळीत. ही निव्वळ नोंद असते, तिथे काही जतन केलेलं नसतं. तीन, सेवेने स्वतःहून 'तुमच्यासाठी' म्हणून मांडलेल्या फळीवर. आणि चार, ॲपच्या बाहेर: स्पीकरवर, गाडीत, टीव्हीवर, कुठल्यातरी ठरवून दिलेल्या वेळेत किंवा बटणात. पहिल्या जागेवरून काढणं सोपं. दुसरीवरून काढलं तर पुढच्या वेळी वाजलं की परत येतं. तिसरीवरून बऱ्याचदा काढताच येत नाही, फक्त नापसंती कळवता येते. चौथीकडे तर कुणाचं लक्षही जात नाही.

आधी ही तपासणी, मग डिलीट

कॉम्प्युटरवर ब्राउझरची खाजगी खिडकी (इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट) उघडा, सेवेच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि थेट लायब्ररीत जा. मुखपृष्ठ बघू नका, ते फसवतं. लायब्ररीत ते स्टेशन दिसतंय का?

दिसत असेल, तर ते खात्यात खरोखर जतन आहे. तिथूनच, वेबवरूनच काढा. मग फोनवर बघा. वेबवर गेलं आणि फोनवर राहिलं, तर फोनकडची प्रत जुनी आहे.

लायब्ररीत नाही आणि फक्त मुखपृष्ठावर आहे, तर ती नोंद किंवा शिफारस. कितीही वेळा 'काढा' म्हटलं तरी तिचं मूळ तुमच्या ऐकण्याच्या हिस्टरीत आहे, तिकडे जावं लागेल.

वेबवर लायब्ररीत काहीच ओळखीचं दिसत नसेल, तर थांबा. तुम्ही दुसऱ्याच खात्यात शिरला आहात. हे वाटतं त्यापेक्षा खूप वेळा घडतं. एक खातं ईमेलने काढलेलं, दुसरं कधीतरी घाईत 'गूगलने लॉगिन करा' किंवा 'फेसबुकने लॉगिन करा' दाबून तयार झालेलं. फोनवर एक, लॅपटॉपवर दुसरं. माणूस लॅपटॉपवर स्टेशनं काढत बसतो आणि फोनवर ती टुकटुकीत. खात्याच्या पानावर कुठला ईमेल लिहिलाय तो दोन्हीकडे ताडून पाहा.

ही तपासणी करताना एक पथ्य पाळा: स्टेशन वाजवून बघू नका. "बघू तरी काय आहे यात" म्हणून चित्रावर बोट टेकलं की वाजायला लागतं, आणि लगेच बंद केलं तरी ते 'नुकतंच ऐकलेलं'मध्ये पहिल्या नंबरवर येऊन बसू शकतं. मी बुधवारी हेच केलं. तीन ठिपके अगदी कडेला, इवलेसे, अंगठा पडला चित्रावर, पाऊस सुरू. फोनवर चित्र दाबून धरलं की बहुतेक ॲपमध्ये तोच मेनू उघडतो. तो रस्ता जास्त भरवशाचा.

व्यायामाचं स्टेशन: काढलं होतं, पण कळवलंच नव्हतं

हे सगळ्यात सोपं निघालं. रविवारी मी शेवटची दोन-तीन स्टेशनं लिफ्टमध्ये उभ्या उभ्या काढली होती. लिफ्टमध्ये रेंज नाही. फोनने पडद्यावरून ते नाहीसं केलं, सर्व्हरला, म्हणजे सेवेच्या कॉम्प्युटरला, ही बातमी मात्र पोचली नाही. पुढच्या वेळी ॲप ताळमेळ घ्यायला गेलं, सर्व्हर म्हणाला हे स्टेशन आहे, फोनने निमूटपणे परत मांडलं. अशा भांडणात जिंकतो सर्व्हर.

उपाय: नेट चालू असल्याची खात्री करून काढा, शक्यतो वेबवरून. मग ज्या ज्या उपकरणावर ते ॲप आहे तिथे एकदा ॲप पूर्ण बंद करून उघडा. नुसतं मागे ढकलणं म्हणजे बंद करणं नव्हे, चालू ॲपच्या यादीतून वर सरकवून घालवा. कपाटात पडलेला जुना टॅब असेल तर तोही चार्ज करून एकदा नेटवर आणा.

तरीही जुनंच दिसत असेल तर कॅशे पुसा. इथे अँड्रॉइडवाल्यांनी जरा जपून. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या स्टोरेजखाली दोन बटणं शेजारी शेजारी असतात, 'कॅशे पुसा' आणि 'डेटा पुसा'. पहिल्याने तात्पुरत्या फायली जातात. दुसऱ्याने लॉगिनसकट सगळं जातं, ऑफलाइन ऐकायला उतरवून ठेवलेली गाणीही. स्पॉटिफायच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कॅशे पुसायची सोय आहे आणि तिच्याने उतरवलेली गाणी जात नाहीत, म्हणून तिथे तीच वापरा. ॲप काढून पुन्हा टाकणं हा शेवटचा उपाय. माझ्या मते त्याला उगाच पहिला नंबर दिला जातो. खात्यातलं काहीही त्याने बदलत नाही आणि उतरवलेलं सगळं पुन्हा उतरवत बसावं लागतं.

बाळगाणी: टॅब कुणाकडे आहे?

माझ्या घरात लहान मूल नाही. मग बाळगाणी रोज सकाळी साडेसातच्या सुमारास कोण ऐकतंय? वेळ मला हिस्टरीतून कळली. सगळ्या ॲपमध्ये इतका तपशील मिळत नाही, पण गाण्यांचा क्रम बघूनही बराच अंदाज येतो. त्या वेळी मी आंघोळीला असते.

बहिणीला फोन लावला.

"ताई, तुझ्या टॅबवर माझं लॉगिन आहे का गं?"

"आहे की! तूच नव्हतं का घालून दिलंस, मागच्या वर्षी ती आजारी होती तेव्हा?"

घालून दिलं होतं खरं. विसरून गेले होते. माझी भाची रोज दूध पिताना तेच स्टेशन लावते आणि मी रोज ते काढते. दोघीही आपापलं काम चोख करत होतो.

एका खात्यावर दोन माणसं ऐकत असतील तर डिलीटचा काहीही उपयोग नाही, खातंच वेगळं करायला हवं. कुटुंबासाठीची योजना घेतलेली असेल तर बहुधा जागा रिकामीच असते. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक, तिन्हीकडे कुटुंब योजनेत एकूण सहा जणांना वेगवेगळी खाती मिळतात. प्रत्येकाची हिस्टरी वेगळी, शिफारशी वेगळ्या. आश्चर्य म्हणजे कित्येक घरांत योजना सहा जणांची असते आणि सगळे मिळून वापरतात एकच लॉगिन, पासवर्ड पाठ आहे म्हणून.

वेगळं खातं देण्याआधी जुनं लॉगिन त्या उपकरणावरून काढा. उपकरण हाताशी नसेल तर खात्याच्या पानावरून 'सगळीकडून साइन आउट' करता येतं. स्पॉटिफायच्या बाबतीत इथे एक मेख आहे: ते बटण दाबलं तरी सोनोस स्पीकर किंवा प्लेस्टेशन यांसारखी भागीदार कंपन्यांची उपकरणं बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी खात्याच्या पानावरच्या ॲपच्या यादीत जाऊन त्यांची परवानगी वेगळी काढावी लागते. "सगळीकडून बाहेर काढलं तरी येतंच आहे" म्हणणाऱ्यांनी आधी ही यादी बघावी.

आणि घरात कुणाकडेच लॉगिन नसेल, स्टेशनं तुम्हाला न कळणाऱ्या भाषेतली असतील, गाणं मधेच थांबून 'दुसऱ्या उपकरणावर वाजत आहे' असं येत असेल, तर तो भाचीचा उद्योग नाही. पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पासवर्ड बदला, मग सगळीकडून साइन आउट, मग अनोळखी ॲपच्या परवानग्या काढा आणि सगळ्यात शेवटी स्टेशनं साफ करा. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर आधी ईमेलचा बदला. उलट्या क्रमाने केलंत तर साफसफाई परत करावी लागेल.

पावसाचं स्टेशन: रात्री दहाचा चोर

यात माझे तीन दिवस गेले.

पाऊस मी कधीच लावत नाही. ताईच्या टॅबवरून लॉगिन निघालं, पासवर्ड बदलला, तरी शुक्रवारी सकाळी पाऊस पहिल्या नंबरवर. मग रात्री मुद्दाम जागी राहून दर अर्ध्या तासाने हिस्टरी बघितली. साडेनऊला नाही. दहाला नाही. साडेदहाला आहे. फोन माझ्या हातात, टीव्ही बंद, लॅपटॉप बॅगेत. घरात तर आवाजही नाही!

होता. पाहुण्यांच्या खोलीत, दार लावलेलं, आत स्मार्ट स्पीकर हळू आवाजात पाऊस पाडत होता. काही महिन्यांपूर्वी सासूबाई राहायला आल्या होत्या, त्यांना झोप लागत नव्हती, म्हणून नवऱ्याने रोज दहाला पावसाचा आवाज आणि तासाभराने बंद असं रूटीन लावून दिलं होतं. त्या परत गेल्या. रूटीन गेलं नाही. रिकाम्या खोलीत रोज रात्री तासभर पाऊस.

ही चौथी जागा. म्युझिक ॲपमध्ये तिचा मागमूस लागत नाही, कारण ते रूटीन स्पीकरच्या ॲपमध्ये असतं. ॲलेक्सा ॲपमध्ये 'रूटीन्स' आणि गूगल होममध्ये 'ऑटोमेशन्स' नावाचा भाग आहे; तो उघडा आणि संगीत लावणारं एकेक रूटीन तपासा. सकाळचा गजरही बघा, गजराला गाणं जोडलेलं असू शकतं. ॲलेक्सा ॲपमध्ये आवाजी आज्ञांची नोंदही पाहता येते. कुणी तोंडाने सांगून लावत असेल तर तिथे सापडेल. रूटीन आपोआप सुरू होतं, त्यामुळे आमच्या पावसासारख्या भानगडीत आवाजाची नोंद बघून काही कळणार नाही, रूटीनचीच यादी लागते.

सोनोससारख्या स्पीकरांची स्वतःची 'आवडती' यादी असते आणि ती म्युझिक सेवेच्या लायब्ररीपासून स्वतंत्र असते. तुम्ही खात्यातून स्टेशन काढलं तरी सोनोसच्या ॲपमध्ये ते आवडत्यांत राहतं. कुणी तिथून दाबलं की वाजलंच, आणि वाजलं की हिस्टरीत आलंच. तिथून वेगळं काढा. काही स्पीकरांवर १ ते ६ अशी बटणं असतात, त्यांवर स्टेशन बसवलेलं असतं; ते बटण दुसऱ्या कशाने तरी भरून टाका.

गाडीचंही असंच. फोन ब्लूटूथला जोडला गेला की कित्येक गाड्या मागचं जे वाजत होतं ते स्वतःहून सुरू करतात. तुम्ही आवाज बंद केलेला असतो, लक्षात येत नाही, आणि पाच मिनिटं ते मुकाट वाजत राहतं. घरी येऊन फोन उघडता तर नको असलेलं स्टेशन पुन्हा समोर. यावर साधा तोडगा: गाडीतून उतरण्याआधी आपल्या पसंतीचं काहीतरी लावून मग बंद करा, म्हणजे पुढच्या वेळी तेच सुरू होईल.

पाऊस तुम्हाला खरोखर हवा असेल, फक्त त्याने बाकीच्या शिफारशी नासवू नयेत एवढंच हवं असेल, तर त्याचीही सोय आहे. स्पॉटिफायवर त्या आवाजाची प्लेलिस्ट उघडून तीन ठिपक्यांत 'एक्सक्लूड फ्रॉम टेस्ट प्रोफाइल' (म्हणजे माझ्या आवडीच्या हिशोबातून वगळा) निवडा. २०२३मध्ये आलेली ही सोय, माझ्या मते सगळ्यात कामाची. त्या प्लेलिस्टचं ऐकणं मग तुमच्या आवडीच्या हिशोबात फारसं धरत नाहीत. 'प्रायव्हेट सेशन', म्हणजे तेवढ्या वेळापुरतं खाजगी ऐकणं, हा दुसरा पर्याय, पण तो आपोआप संपतो आणि रोज आठवणीने लावावा लागतो, म्हणून रोजच्या झोपेला नको. आयफोनवर ॲपल म्युझिक वापरत असाल तर आयओएस १७.२पासून फोकसला (झोप, काम अशा वेळांसाठीची फोनची सेटिंग) असं फिल्टर जोडता येतं की तो चालू असताना ऐकलेलं हिस्टरीत धरू नये. झोपेच्या फोकसला ते जोडून टाका, काम फत्ते. ॲपलच्या होमपॉड स्पीकरची हिस्टरीची कळ मात्र वेगळी आहे, ती होम ॲपमध्ये मिळेल.

गायकाचं स्टेशन: जे कधी माझं नव्हतंच

हे लायब्ररीत नव्हतं, कुणी वाजवतही नव्हतं. ही सेवेनेच मांडलेली तिसरी फळी. मी दरवेळी 'काढा' म्हणत होते आणि ॲप तेवढ्यापुरतं ते दडवत होतं. मूळ सापडलं आवडलेल्या गाण्यांत: लिंक उघडली तेव्हा शिष्टाचार म्हणून मी त्या गाण्याला बदाम दिला होता. पाठवणाऱ्याला तो दिसतही नाही! सेवेला मात्र दिसतो, आणि तिने तो फार मनावर घेतला.

तर अशा वेळी बीज शोधा. त्या गायकाचं किंवा तशाच प्रकारचं काही आवडलेल्या गाण्यांत आहे का, तुम्ही त्याला फॉलो करताय का, एखाद्या प्लेलिस्टमध्ये पडलंय का. बदाम काढा, फॉलो काढा. मग गायकाच्या पानावर जाऊन नापसंती कळवा. स्पॉटिफायच्या फोन ॲपमध्ये गायकाच्या पानावरच्या तीन ठिपक्यांत 'हा गायक वाजवू नका' अशा अर्थाचा पर्याय आहे. ॲपल म्युझिकमध्ये 'सजेस्ट लेस' आहे. यूट्यूब म्युझिकमध्ये प्रोफाइलच्या चित्रावरून हिस्टरीत जा आणि ती गाणी एकेक करून काढा. इथे हेही लक्षात ठेवा की यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक एकाच खात्यावर चालतात, त्यामुळे यूट्यूबवर पाहिलेल्या गाण्यांच्या व्हिडिओंचा परिणाम म्युझिकच्या शिफारशींवर होतो. ज्या लिंकला तुम्ही व्हिडिओ समजून उघडलंत ती इकडे येऊन स्टेशन बनते.

पँडोरावर जरा वेगळं आहे, कारण तिथे स्टेशन ही खरोखर जतन होणारी गोष्ट आहे. एका खात्यात २५० पर्यंत ठेवता येतात. अंगठा खाली (नापसंतीची खूण) केलात तर ते गाणं त्या स्टेशनपुरतं थांबतं, दुसऱ्या स्टेशनवर वाजू शकतं. स्टेशनच्या तपशिलात तुम्ही दिलेले सगळे अंगठे आणि जोडलेली बीजं दिसतात, चुकून दिलेला अंगठा मागेही घेता येतो. सगळं स्टेशन उडवण्यापेक्षा बिघडलेलं बीज काढणं पुष्कळदा बरं, वर्षानुवर्षं दिलेल्या अंगठ्यांची मेहनत वाया जात नाही. तिथला आणखी एक घोळ शफलचा. शफलमध्ये अनेक स्टेशनं मिसळून वाजतात आणि त्यात कुठली घ्यायची ते निवडता येतं. नको असलेलं तिथे निवडलेलं राहिलं असेल तर ते मधूनच डोकावत राहतं.

नवीन स्टेशनं आपोआप जन्माला घालणारी एक कळ जवळजवळ सगळीकडे असते: ऑटोप्ले. अल्बम संपला की सेवा 'यासारखंच' काहीतरी पुढे सुरू करते. तुम्ही अल्बम लावून झोपी गेलात तर उरलेली रात्र ती तिच्या मनाचं वाजवते, आणि सकाळी तुमच्या हिस्टरीत पाच तासांचं अनोळखी संगीत. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिकमध्ये ही कळ आहे. ॲपल म्युझिकमध्ये 'पुढे काय' या रांगेत आडव्या आठसारखं अनंताचं चिन्ह दिसतं ते हेच. बंद करा, नाहीतर झोपताना टायमर लावा.

बदाम काढून, नापसंती कळवून झाल्यावर लगेच फरक दिसत नाही. स्पॉटिफाय तुमच्यासाठी आपोआप बनवतं त्या शिफारशींच्या प्लेलिस्टपैकी 'डिस्कव्हर वीकली' दर सोमवारी बदलतं, 'रिलीज रडार' दर शुक्रवारी. म्हणजे बुधवारी केलेल्या दुरुस्तीचा निकाल निदान पुढच्या सोमवारपर्यंत लावू नका. मी दर तासाला जाऊन बघत होते, त्याने काहीही झालं नाही.

सगळी हिस्टरीच एका फटक्यात पुसून टाकावी का? मी तरी म्हणेन नको. चार स्टेशनांसाठी दहा वर्षांची आवड घालवणं म्हणजे उवा झाल्या म्हणून टक्कल करण्यासारखं. शिवाय बदाम आणि फॉलो हिस्टरीबरोबर जातीलच असं नाही, त्यामुळे तीच शिफारस टक्कल केल्यावरही उगवू शकते. लास्ट एफएमला (ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणारी वेगळी सेवा) खातं जोडलेलं असेल तर तिथली नोंद तर वेगळीच ठेवलेली असते, इकडे पुसून तिकडची जात नाही.

आवरताना हात जरा जास्तच चालला आणि हवं असलेलं गेलं, तरी घाबरू नका. स्पॉटिफायवर उडवलेल्या प्लेलिस्ट ९० दिवसांच्या आत वेबवरच्या खात्याच्या पानावरून परत आणता येतात. बाकी ठिकाणी तशी खात्री धरू नये, म्हणून काढण्याआधी यादीचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढला होता, म्हणून तर कुठली चार परत आली ते नेमकं सांगता आलं.

काहीच लागू पडलं नाही तर

लायब्ररीत नाही, कुठल्या उपकरणावर नाही, रूटीन नाही, बदाम नाही, पासवर्ड बदललेला आहे, एक सोमवार उलटून गेलाय, तरीही तेच स्टेशन वेबवरून काढलं की परत येतंय: आता सेवेच्या मदत विभागाला लिहा. "स्टेशन डिलीट होत नाही" एवढंच लिहिलंत तर तीन ठिपक्यांचं उत्तर येईल. त्याऐवजी असं काहीतरी:

"हे स्टेशन मी १२, १४ आणि १७ तारखेला वेबसाइटवरून काढलं. तिन्ही वेळा २४ तासांच्या आत ते लायब्ररीत परत आलं. या काळात हे खातं फक्त एका फोनवर लॉगिन होतं. पासवर्ड ११ तारखेला बदलला, सर्व उपकरणांवरून साइन आउट केलं, जोडलेल्या ॲपच्या परवानग्या काढल्या. स्पीकर जोडलेला नाही. स्टेशनची लिंक आणि काढण्याआधीचे व नंतरचे स्क्रीनशॉट सोबत आहेत."

आणि त्याखाली आणखी एक ओळ टाका: "ॲप काढून पुन्हा टाकून झालं आहे." ही ओळ नसेल तर पहिलं उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगते.